वांद्र्यात बिऱ्हाड : एका उपनगराचा इतिहास आणि घर शोधणारे आपण



दरवर्षी निकाल लागले की आपल्या मुलामुलींपैकी कितीतरी जण पुढील शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी मुंबईची वाट धरतात. प्रवेश मिळतो, नोकरीही मिळते. अडते ते जागेपाशी. आपल्या आजोबांच्या पिढीला या बाबतीत फार विचार करावा लागत नसे. गावच्या जमातीची एखादी खोली डोंगरी-माझगावकडे असे. तेथे ट्रंक ठेवली, खुंटीला सदरा अडकवला, की माणूस मुंबईकर झाला. आता कॉलेजे आणि कचेऱ्या उपनगरांत पसरल्या आहेत, मुलीही शिकावयास बाहेर पडत आहेत, आणि घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : जागा आपल्या माणसांत घ्यावी की मिश्र वस्तीत?

या प्रश्नाचे उत्तर सहसा भावनेच्या भरात दिले जाते. कोणी म्हणतो, आपल्यांत राहिलेले बरे. कोणी म्हणतो, त्यामुळेच आपण मागे राहिलो. इतिहासाचा शिक्षक दलालाचे काम करू शकत नाही. परंतु मिश्र वस्ती म्हणजे नेमके काय, ती कशी घडते आणि तिच्यात घराचे दार कोणाला उघडते व कोणाला बंद होते, हे तो दाखवू शकतो. त्यासाठी मी वांद्रे हे उपनगर निवडले आहे. चर्च, मशीद, देऊळ आणि आगियारी जेथे पायी फिरून पाहता येतात, अशा मुंबईच्या उपनगरांत वांद्र्याचे नाव प्रथम घेतले जाते.

वांद्रे हे मूळ मुंबई बेटाचा भाग नव्हे, ते साष्टी बेटावरील. ‘बंदर’ या फारसी शब्दावरून हे नाव पडले असे सांगतात. कोळी, भंडारी व कुणबी ही येथील जुनी प्रजा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १५७५ साली किनाऱ्यालगत सेंट अँड्र्यूज चर्च उभे राहिले, आणि गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. पुढे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांनी जिंकली व १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांच्या हाती गेली. राज्ये बदलली तरी गावठाणे राहिली. रणवार, पाली, चिंबई, शेर्ली, राजन ही नावे आजही टिकून आहेत. तेथील ख्रिस्ती लोक घरात मराठीचीच एक बोली बोलत आले. नोकरीनिमित्त गोवा व मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे आहोत हे दाखविण्यासाठी त्यांनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. धर्म बदलला तरी बोली गावचीच राहिली, ही गोष्ट आपल्या कोकणी मुसलमान वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही!

मुंबई आणि वांद्रे यांच्यामध्ये माहीमची खाडी होती. अलीकडे माहीमला हजरत मखदूम अली माहिमी यांचा दर्गा. पंधराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या या विद्वान सुफींमुळे माहीम हे दूरदूर प्रसिद्ध होते. पलीकडे वांद्रे. मधली वाट होडीची, आणि पावसाळ्यात ती जिवावरची. पूल बांधावा अशी मागणी होती, पण कंपनी सरकार खर्च करण्यास राजी नव्हते. अखेर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले व १८४५ साली रस्ता खुला झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घेऊ नये अशी त्या दानशूर बाईंची अट होती. (२००९ साली त्याच खाडीच्या मुखावर सागरी सेतू खुला झाला तो टोलसकट. असो.) एका पारशी बाईच्या पैशाने कोळी, ख्रिस्ती, हिंदू व मुसलमान सारेच पायी वांद्र्यास जाऊ लागले, येथून वांद्र्याचे उपनगर होण्यास सुरुवात झाली. १८६७ साली विरारपासून मुंबईपर्यंत पहिली लोकलगाडी धावली. १८७६ साली वांद्र्याला स्वतःची नगरपालिका मिळाली.

आता मुद्द्याची गोष्ट. माणूस घर कोठे घेतो? आवडीने घेतो असे आपण समजतो. वस्तुतः बहुसंख्य माणसे पोटामागून जातात. वांद्र्याच्या मुसलमान वस्तीचा मोठा भाग कसा बसला ते पाहण्यासारखे आहे. आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ ते १८७१ या काळात मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. शहरात जागोजागी चालणारी जनावरांची कत्तल त्यांनी बंद केली व कत्तलखाना शहराबाहेर, वांद्र्यास नेला. शहराला जी घाण नको होती ती वेशीबाहेर ठेवण्याचा हा प्रकार. पण त्याबरोबर कुरेशी आले, जनावरांचे व्यापारी आले, कातड्याचे व हाडांचे काम करणारे आले. खाडीपलीकडे धारावीत चामड्याचा धंदा वाढला, त्यात तामिळ मुलखातले मुसलमान व्यापारी होते व चर्मकार कारागीरही होते. कामाच्या वेळा पहाटेच्या, तेव्हा घर कामाजवळच हवे. स्टेशनच्या आसपास, बाजार रस्ता व नौपाड्याच्या बाजूस अशी दाट वस्ती झाली. तेथील माणसे ‘आपल्यांतच’ राहू इच्छीत होती म्हणून तेथे जमली, असे म्हणणे म्हणजे उलटा हिशोब होय. आधी धंदा आला, मग माणसे आली, मग मशीद व मदरसा. हा कत्तलखाना १९७१ साली देवनारला हलला. वस्ती मात्र जागच्या जागी राहिली. एकदा बसलेली वस्ती धंदा गेला म्हणून उठत नाही. शाळेत जाणारी मुले, कबरस्तानातील वडीलधारी व दुकानदाराकडील उधारीची वही यांनी ती बांधलेली असते.

टेकडीच्या बाजूस दुसराच इतिहास घडत होता. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. शहरातील गर्दीत मरण दिसू लागले, तेव्हा ज्यांना परवडत होते त्यांनी मोकळ्या हवेसाठी उपनगराचा रस्ता धरला. वांद्र्यातही साथ पोचलीच. गावठाणांच्या तोंडाशी प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून उभारलेले क्रूस आजही पाहावयास मिळतात. सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करून दाट वस्त्या पाडल्या व नवे रस्ते काढले. पाडलेल्या खोल्यांतील गरीब कोठे गेले याची फिकीर त्या काळी फारशी कोणी केली नाही. पण मध्यम वर्गाला प्लॉट हवे होते, आणि प्लॉट घेण्याइतका पैसा एकट्याच्या खिशात नव्हता.

यातून मार्ग काढला सहकाराने. १९१२ च्या कायद्यामुळे पतपेढीखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी गृहनिर्माण संस्था काढली. रावबहादूर तालमकी यांचे नाव त्या कार्याशी जोडलेले आहे. १९१८ साली वांद्र्यास साल्सेट कॅथॉलिक गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. शेतजमिनी घ्यावयाच्या, रस्ते व गटारे आखावयाची, प्लॉट पाडावयाचे आणि सभासदांनी हप्त्याने पैसे फेडीत बंगला बांधावयाचा, अशी ही रीत. गोवेकर व मंगळूरकर कारकून, शिक्षक, रेल्वेतील नोकर यांना धोबीतलावच्या कोंदट खोल्यांतून बाहेर पडावयास तिने वाट दिली. त्या भागात सेंट लिओ, सेंट मार्टिन अशी संतांची नावे असलेले रस्ते लागतात. दादरला याच सुमारास पारशी कॉलनी वसली. १९२४ साली खार स्टेशन निघाले व त्याभोवती आखीव उपनगर वाढले. १९२८ साली या मार्गावर विजेच्या गाड्या आल्या, आणि फोर्टातील कचेरीत जाणाऱ्याला वांद्रे हे अंगणासारखे झाले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्या वांद्र्याला आपण आज मिश्र वस्तीचा नमुना म्हणतो, ते मुळात असे तुकड्या-तुकड्यांनी बनले आहे. कॅथॉलिकांचे प्लॉट, कोळ्यांचा वाडा, कुरेशांचा मोहल्ला, टेकडीवर साहेबांचे व पारशांचे बंगले. जिन्यावर भेट होत नसे. भेट होई ती बाजारात, गाडीत, शाळेत आणि जत्रेत. ८ सप्टेंबरच्या सुमारास मोत माउलीची जत्रा भरते, तिला हिंदू व मुसलमानही जात आले आहेत. माहीमच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. १८६३ सालापासून चालत आलेल्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत ख्रिस्तेतर मुलेही शिकली. मिश्र वस्तीचा अर्थ एका माळ्यावर चार धर्म असा नसून, एका रस्त्याचा सर्वांनी केलेला वापर असा आहे. निदान वांद्र्यापुरता तरी तो तसा आहे.

आपल्या समाजाने अशा गृहनिर्माण संस्था त्या काळी कमी का काढल्या, हा प्रश्न मला नेहमी पडतो. आपल्याकडे पैसा नव्हता असे नाही. वक्फ होते, जमाती होत्या, मोठमोठे व्यापारी होते. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापिली. त्यांत नाखुदा महंमद अली रोगे हे कोकणी गृहस्थ होते. म्हणजे संस्था उभारण्याची बुद्धीही होती. माझे मत असे की, आपल्या दानाची दिशा इमारत बांधून तिचे भाडे धर्मकार्यास लावण्याची राहिली. नोकरदार माणसाला हप्त्याने घराचा मालक करण्याची दिशा ती नव्हती. शिवाय तसा हप्ता भरू शकणारा शिकलेला कारकून-शिक्षक वर्ग आपल्यांत थोडा होता. घराचा प्रश्न शेवटी शिक्षणाशी येऊन मिळतो तो असा.

स्वातंत्र्याबरोबर दोन गोष्टी घडल्या. फाळणीने सिंधी निर्वासित आले व खार-वांद्रे भागात स्थिरावले. येताना त्यांनी शिक्षणही आणले. सिंधमधील हैदराबादचे नॅशनल कॉलेज १९४९ साली वांद्र्यात पुन्हा सुरू झाले. घर गमावलेल्या माणसांनी कॉलेज उघडले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. चित्रपटसृष्टीही आली. मेहबूब खान यांनी १९५४ साली वांद्र्यात स्टुडिओ उभारला, आणि पाली हिलवर दिलीपकुमार यांच्यासारखे कलावंत राहू लागले. १९५० साली वांद्रे मुंबई महानगरपालिकेत सामील झाले.

दुसरी गोष्ट १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याची. भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले गेले. भाडेकरूला संरक्षण मिळाले हे खरे, पण घरमालकाने भाड्याच्या चाळी बांधणे जवळजवळ सोडून दिले, आणि रिकामी होणारी खोली पागडीवर जाऊ लागली. पागडी कायद्याने गुन्हा होता, व्यवहार मात्र उघड होता. १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. मधल्या काळात पोटभाडेकरू व परवानाधारकांचे हाल झाले म्हणून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. त्यामुळे घरमालक इतके धास्तावले की अकरा महिन्यांहून अधिक करार करावयास कोणी धजेना. आज मुंबईत जागा घेताना ‘अकरा महिने’ हे शब्द ऐकू येतात, त्यामागे अशी पार्श्वभूमी आहे. भाड्याची चाळ संपली आणि मालकीच्या फ्लॅटांची सोसायटी आली. चाळीत खोली देणारा एकच मालक असे. पैसे पाहून तो राजी होई. सोसायटीत कमिटी आली. मालक राजी असला तरी कमिटीचा ‘ना हरकत दाखला’ हवा. घर देण्या-नाकारण्याचा अधिकार एका माणसाकडून दहा शेजाऱ्यांकडे गेला, आणि हा बदल आपल्या लोकांना फार महागात पडला.

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींविषयी आपणांस नव्याने सांगावयास नको. वांद्रे पूर्वेचा बेहरामपाडाही त्यात होरपळला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली सादर झाला. मृतांची संख्या त्यात ९०० आहे. अहवालात न येणारी गोष्ट अशी की, त्यानंतर कित्येक मिश्र इमारतींतून मुसलमान कुटुंबे निघाली आणि मुसलमान मोहल्ल्यांतून हिंदू कुटुंबे निघाली. ठाण्यापलीकडचे मुंब्रा पाहता पाहता मोठे शहर झाले. तेथे गेलेल्या माणसांना दोष देणे सोपे आहे. पण रात्री मुले निर्धास्त झोपावीत यासाठी घर बदलणाऱ्या बापाला पुस्तकातील एकात्मता शिकविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्यापुढची मजल न्यायालयात गाठली गेली. अहमदाबादेत १९२६ साली, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, स्थापन झालेल्या पारशी गृहनिर्माण संस्थेत सभासदत्व पारशांपुरतेच असावे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १५ एप्रिल २००५ रोजी न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. समविचारी लोकांना संस्था काढण्याचे जे स्वातंत्र्य आहे त्यात असा उपविधी बसतो, असे ठरले. या निकालाकडे आपण दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. १९१८ साली कॅथॉलिक कारकून एकत्र आले ते ज्यांना घर नव्हते त्यांना घर मिळावे म्हणून. शंभर वर्षांनी एखाद्या सोसायटीची कमिटी आडनाव पाहून अर्ज बाजूस ठेवते, तिचा या परंपरेशी काही संबंध नाही. बहुतेक सोसायट्यांच्या उपविधीत धर्माची अट लिहिलेलीच नसते. म्हणून तर नकार तोंडी दिला जातो. दलाल आधी नाव विचारतो, मग जागा ‘कालच गेली’ असे कळते. कोठे ‘मांसाहारी चालत नाहीत’ असे सांगितले जाते. ज्या किनाऱ्यावर कोळ्यांनी शतकानुशतके मासळी सुकविली, तेथे बोंबलाचा वास वर्ज्य व्हावा, याला काय म्हणावे!

तर मग जागा कोठे घ्यावी? लहान मुले व वृद्ध आई घरात असतील, नमाजासाठी मशीद व मदतीला शेजारी हाकेच्या अंतरावर हवे असतील, तर आपल्या वस्तीत राहण्यात कमीपणा नाही. मात्र त्या वस्तीतून चांगल्या शाळेला, ग्रंथालयाला व स्टेशनला मुलगी एकटी किती वेळात आणि कोणत्या रस्त्याने जाते, हे पालकांनी स्वतः चालून पाहावे. पाणी किती वाजता येते ते पाहावे. शिकणाऱ्या मुलाला खोली घ्यावयाची असेल तर माझा कल मिश्र उपनगराकडे आहे, जरी भाडे थोडे अधिक पडले आणि खोली थोडी लहान मिळाली तरी. बाजारात, रांगेत व वाचनालयात जे निरनिराळे लोक भेटतात त्यांच्याशी बोलण्याची सवय अठराव्या वर्षी लागली तर लागते. चाळिसाव्या वर्षी ती लावू म्हटल्याने लागत नाही. आणि आपला मुलगा शेजारी राहिला नाही, तर त्या शेजाऱ्यालाही आपली ओळख वर्तमानपत्रांतूनच व्हावयाची.

कागदपत्रांची माहिती मात्र प्रत्येकाला हवी, वस्ती कोणतीही असो. भाड्याची जागा घेताना करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. १९९९ च्या कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी टाळू या असे कोणी सुचविले तर ती जागा सोडावी. अनामत रक्कम दिल्याची पावती घ्यावी. मालकीची जागा घेणाऱ्यांनी करारावर सही करण्यापूर्वी सोसायटीचे उपविधी मागून वाचावेत, कमिटीच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात खुल्या सभासदत्वाचे तत्त्व घातले गेले : पात्र माणसाला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारले तर कारणासह कळवावे लागते, व त्यावर निबंधकाकडे अपील होते. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने काहीच कळविले नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानण्याची तरतूदही त्याच कायद्याने केली. तोंडी नकार देणाऱ्याची अडचण होते ती येथे. म्हणून अर्ज लेखी करावा, दोन प्रतींत करावा, आणि एका प्रतीवर सोसायटीचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. तीन महिने त्या तारखेपासून मोजले जातात.